साडेतीन तास आणि ३.३०

हजीऱ्याहून घोघ्यास जाणारी जहाजसेवा ८ नोव्हेंबर २०२० रोजी सुरू झाली. सुमारे ३७० किलोमीटरांचा खुष्कीचा वळसा सागरमार्गाने ९० किलोमीटरांवर आला आणि दहाबारा तासांच्या प्रवासास सुमारे चार तास पुरतील, असे त्या वेळी सांगण्यात आले. असा कालावधी हल्ली आपण बहुधा मोबाइलच्या पडद्यावर वाचतो. तेथे तो कसा लिहावा याकडे मात्र ॲप तयार करणारे फारसे लक्ष देत नाहीत, अशी आमची तक्रार आहे.

समजा, पडद्यावर नुसते '३.३०' लिहिले आहे. हे घड्याळातील साडेतीन, की प्रवासाचे साडेतीन तास? दशांशाने वाचले तर ते तीन तास अठरा मिनिटेच होतात! '१:३०' हे गाण्यापुढे असले तर दीड मिनिट, जहाजापुढे असले तर दीड तास. यंत्राला याचे सुखदुःख नाही. ते पोटात नुसते सेकंद मोजते. आय.एस.ओ. ८६०१ या आंतरराष्ट्रीय संकेतात साडेतीन तास 'पीटी३एच३०एम' असे लिहितात, आणि त्यातला 'एम' 'टी'च्या आधी आला तर त्याचा अर्थ महिना होतो! यंत्रांनी आपसांत खुशाल असे बोलावे. धक्क्यावर सामान घेऊन उभ्या असलेल्या आजीबाईंशी बोलू नये.

हिशेबातही एक खोच आहे. ३ तास ५९ मिनिटे ४० सेकंद यांचे आधी तुकडे पाडून मग मिनिटे पूर्ण केली, तर पडद्यावर '३ तास ६० मिनिटे' उमटतात. आधी पूर्ण करावे, मग तुकडे पाडावेत, म्हणजे सरळ चार तास येतात. '१ मिनिटे' ही चूक तर अक्षम्यच. अरबीत संख्येप्रमाणे नामाचे सहा प्रकार सांभाळावे लागतात. आपल्याकडे एकवचन व अनेकवचन एवढेच, आणि 'तास' तर बदलतही नाही.

आमचे मत असे की, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडे हे आपले शब्द ॲपने वापरावेत. गुजरातीतही पोणो, सवा, दोढ, अढी, साडा आहेतच. तेव्हा हजीऱ्याच्या प्रवाशांपैकी कोणालाच ते परके वाटणार नाहीत. जेथे मिनिटामिनिटाचे महत्त्व आहे तेथे 'तास' व 'मिनिटे' हे शब्द पुरते लिहावेत. पण खंभातच्या आखातातील भरती-ओहोटीतून वाट काढणाऱ्या जहाजापुढे '३ तास ४१ मिनिटे' लिहिणे हा निव्वळ आव आहे; तेथे 'सुमारे पावणेचार तास' हेच खरे.