नाव कोणाची?

गेल्या सत्रात रस्किन शिकवताना आमचे सर सहज बोलून गेले की, जीर्णोद्धार या शब्दावर या गृहस्थाचा भारी राग होता. ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या १८४९ सालच्या ग्रंथात त्याने मांडले आहे की, पडकी वास्तू पुन्हा नवी करणे ही एक फसवणूकच होय. मूळ कारागिराचा हात गेला तो गेला, तो काही परत आणता येत नाही. त्यापेक्षा आधीपासून निगा राखा, म्हणजे ती वेळच येणार नाही. मी हात वर करून विचारले, “मग सर, रस्किनच्याच नावाच्या संग्रहालयात ती नाव कशी?” वर्ग हसला, कारण कोणती नाव हे कोणालाच ठाऊक नव्हते. “वार्षिकासाठी लिहून दे” असे सांगून सरांनी तास पुढे नेला. म्हणून हा प्रपंच.

इंग्लंडच्या वायव्येला, सरोवरांच्या मुलखात, कॉनिस्टन नावाचे एक लहानसे गाव आहे. १८७२ पासून १९०० साली मृत्यू येईपर्यंत रस्किन तेथल्या सरोवराच्या काठी राहिला. ज्याचे ‘अन्टू धिस लास्ट’ १९०४ मध्ये आगगाडीत वाचून गांधीजींची झोप उडाली आणि ज्याच्यावरून त्यांनी ‘सर्वोदय’ लिहिले, तोच हा रस्किन. त्याच्या मागे त्याचा स्नेही कॉलिंगवुड याने १९०१ मध्ये गावात त्याच्या स्मरणार्थ संग्रहालय काढले. यंत्रयुगाला दूषणे देण्यात ज्याची निम्मी हयात गेली, त्याच्या या स्मारकात मार्च २०२४ मध्ये एक निळी जेट इंजिनाची नाव येऊन दाखल झाली. तिचे नाव ‘ब्ल्यू बर्ड के ७’.

ही नाव डोनाल्ड कॅम्पबेलची. त्याचे वडील सर माल्कम यांनी १९३९ मध्ये याच सरोवरावर ताशी १४१.७४ मैलांचा विक्रम केला होता. मुलाची नाव १९५५ च्या सुमारास तयार झाली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा, लांबी सुमारे २६ फूट आणि पोटात विमानाचे इंजिन. उभी असताना ती इतर होड्यांसारखीच पाण्यात बसे. वेग घेतला की मात्र पुढे दोन्ही बाजूंना काढलेले दोन तरंगते पाय आणि मागचे टोक, एवढ्या तीनच ठिकाणी पाण्याला टेके. पाण्याचा विरोध त्यामुळे कमी होतो, हे खरे. पण मग खालून वारा शिरतो, आणि नाकाड जरा जास्त वर गेले की नाव हां हां म्हणता पतंगासारखी उचलली जाते.

१९५५ ते १९६४ या काळात या एका नावेने सात विश्वविक्रम केले. पहिला अल्सवॉटर सरोवरावर ताशी २०२.३२ मैलांचा, आणि शेवटचा १९६४ च्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, ऑस्ट्रेलियातील डम्बलयंग सरोवरावर ताशी २७६.३३ मैलांचा. त्याच वर्षी त्याने मोटारीचाही विक्रम केलेला होता. जमीन आणि पाणी या दोन्हींवरचे विक्रम एकाच वर्षी करणारा तोच एकटा.

विक्रमांची ही यादी कोणत्याही चरित्रकोशात सापडेल. मला कुतूहल आहे ते दोन विक्रमांमधल्या दिवसांचे. १९५५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील लेक मीडवर प्रेक्षकांच्या मोटारबोटींनी उठवलेल्या लाटांचे पाणी आत शिरले आणि विश्वविक्रमी नाव मुकाट्याने बुडाली. ती वर काढली, दुरुस्त केली, आणि १६ नोव्हेंबरला तिने पुन्हा विक्रम केला! वर्तमानपत्रांत छायाचित्र आले ते अर्थातच कॅम्पबेलचे. पण त्या महिनाभरात पाने-पक्कड हाती घेऊन राबणारांत मुख्य होता लिओ विला. १९२२ पासून तो सर माल्कम यांच्या पदरी होता. वडील गेल्यावर तो मुलाकडे राहिला, आणि मुलगा त्याला काका म्हणत असे. कॅम्पबेल पितापुत्रांचे विक्रम पुष्कळांना पाठ असतील, पण विलाचे नाव किती जणांना ठाऊक असेल?

१९६६ मध्ये जुने इंजिन काढून ‘ऑर्फियस’ बसवले गेले. येथे आपला थोडा संबंध येतो. ऑर्फियस हे नॅट विमानाचे इंजिन. आपल्या हवाई दलाचेही नॅट हेच विमान, आणि विमान व इंजिन ही दोन्ही बंगलोरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने परवान्याखाली बांधली. १९७१ च्या डिसेंबरात श्रीनगरवर निर्मलजितसिंग सेखों यांना वीरमरण आले ते नॅटमध्येच. कॅम्पबेलने तर अपघातात मोडीत निघालेले एक नॅट विमानच विकत घेतले होते. चाचण्यांत हवा ओढणारी तोंडे दबून त्यांचे तुकडे इंजिनात गेले, इंजिन बाद झाले, तेव्हा या भंगारातले इंजिन कामी आले. शेपटीवरचे उभे पातेही नॅटचेच होते. म्हणजे ज्या ‘मूळ’ नावेविषयी पुढे इतके रणकंदन झाले, ती तिच्या मालकाच्या हयातीतच किती वेळा सांधली गेली होती, हे ध्यानात घ्यावे.

४ जानेवारी १९६७ रोजी सकाळी कॉनिस्टनवर पहिल्या फेरीत ताशी २९७.६ मैल वेग पडला. विक्रमासाठी दोन्ही दिशांच्या फेऱ्यांची सरासरी धरतात. पाणी निवण्याची वाट न पाहता कॅम्पबेल परत फिरला. वेग ३०० मैलांच्या वर गेला, नाकाड उचलले गेले, नाव मागच्या मागे कोलांटी खाऊन पाण्यावर आदळली. त्याचे खेळण्यातले अस्वल तरंगत वर आले. तो मात्र सापडला नाही.

पुढली चौतीस वर्षे नाव सुमारे ४५ मीटर खोल पाण्यात होती. तिचा शोध घेतला न्यूकॅसलकडच्या बिल स्मिथ या पाणबुड्याने, आणि तोही मॅरिलियन या वाद्यवृंदाचे कॅम्पबेलवरचे एक गाणे ऐकून. (गाण्याबजावण्याने काय होते, असे विचारणाऱ्या विज्ञान शाखेतील मित्रांना हे कळवावे!) ८ मार्च २००१ रोजी नाव वर आली, मे महिन्यात कॅम्पबेलचे अवशेष मिळाले आणि सप्टेंबरात कॉनिस्टनलाच दफन झाले. २००६ च्या डिसेंबरात कॅम्पबेल कुटुंबाच्या विश्वस्तनिधीने मोडकी नाव रस्किन संग्रहालयाला दान दिली. लॉटरीच्या पैशातून वारसा जपणाऱ्या निधीने मदत नाकारली होती. तेव्हा स्मिथ आणि त्याच्या स्वयंसेवकांनी पगाराशिवाय वर्षानुवर्षे काम केले. चुरगळलेला पत्रा ठोकून सरळ केला, गंज काढला, जे हाती लागले नाही ते नवे घडवले, ऑर्फियस इंजिन बसवले. २०१८ च्या ऑगस्टात स्कॉटलंडमधील ब्यूट बेटावरच्या लॉख फॅड तळ्यात ती नाव पुन्हा धावली.

आणि मग भांडण लागले. संग्रहालय म्हणे, नाव आमची, परत द्या. स्मिथची बाजू अशी की, आम्ही नवे घडवलेले भाग आमचे आहेत, तेव्हा नावेतही आमचा वाटा आहे. प्रकरण वकिलांपर्यंत गेले. शेवटी स्मिथच्या संस्थेने हक्क सोडला आणि नाव कॉनिस्टनला आली.

आपल्याकडे ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा लहानपणापासून कानांवर पडते. तेव्हा दुरुस्त करील त्याची नाव का नव्हे? पहिल्यांदा मी स्मिथच्याच बाजूचा होतो. पण विचार करू लागल्यावर ही उपमा टिकेना. कुळाचे पोट जमिनीवर असते आणि ती कसण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. स्मिथने मात्र नाव दुसऱ्याची आहे हे जाणून, आपखुशीने, पुन्हा चालती करण्यासाठी हाती घेतली होती. विश्वासाने सोपवलेल्या वस्तूवर घामाचा हक्क सांगता येऊ लागला, तर उद्या कोणीही जुनी पोथी दुरुस्तीला देणार नाही. म्हणून कायद्याने नाव संग्रहालयाची, आणि मला हे न्याय्यही वाटते.

मात्र संग्रहालयाच्या बाजूने बोलणारे येथेच थांबतात, ते मला पटत नाही. असले यंत्र दानपत्रावर सही करून आपले होत नाही. जेट इंजिन नुसते ठेवले की आत ओल धरते, रबरी चकत्या कडक होतात, नळ्यांतले तेल सुकते. ते ठराविक काळाने फिरवावे लागते, आणि फिरवायला जाणता माणूस लागतो. नाव ज्यांनी नळीनळीने ओळखली, तेच भांडणात दुरावले. मालकी सिद्ध झाली खरी, पण ते ज्ञान दानपत्रात लिहिलेले नव्हते. वकिलांच्या फीपेक्षा, काम सुरू होताना टेबलाशी बसून लिहिलेली दोन पाने स्वस्त पडली असती.

हा तंटा ज्याच्या वाट्याला आलाच नाही, असा एक माणूस होऊन गेला. ऑस्ट्रेलियाचा केन वॉर्बी. लष्कराच्या मोडीतली जेट इंजिने स्वस्तात घेऊन त्याने सिडनीत आपल्या परसात, उघड्यावर नाव बांधली. पाऊस आला की वर ताडपत्री घाली. खर्चासाठी स्वतः काढलेली तैलचित्रे विकी. ८ ऑक्टोबर १९७८ रोजी त्याने ब्लोअरिंग धरणावर ताशी ३१७.६ मैल, म्हणजे सुमारे ५११ किलोमीटर वेग गाठला. तो विक्रम मोडण्याच्या नादात ली टेलर १९८० मध्ये आणि क्रेग आर्फन्स १९८९ मध्ये प्राणास मुकले. वॉर्बी २०२३ पर्यंत जगला. आराखडा त्याचा, हातोडी त्याची, सुकाणूही त्याचेच. नावेचा कोणता आवाज बरा नव्हे, हे त्याला दुसऱ्या कोणी सांगावे लागत नसे.

राहिला रस्किन. नव्या पत्र्याचे ठिगळ पाहून तो संतापला असता, यात शंका नाही. पण चर्चच्या दगडाला जो नियम तो यंत्राला लावता येत नाही, असे माझे मत आहे. दगडावर छिन्नीचा एक घाव एकदाच बसतो. यंत्राचे भाग मात्र बदलण्यासाठीच घडवलेले असतात. के ७ पडून राहिली असती तर गंजाचा ढीग झाली असती, आणि त्या ढिगातून काय शिकायचे? त्याच्या बोलण्यातला निगा राखण्याचा भाग मात्र मी शिरसावंद्य मानतो. माझ्या मते नाव पाण्यात सोडावी. एरव्ही त्या सरोवरावर ताशी १० मैलांची मर्यादा आहे, आणि ती योग्यच आहे. पण नोव्हेंबरातल्या विक्रम सप्ताहात वेगाला मुभा मिळते, तेवढी तिला पुरे. काठावर पाने-पक्कड घेऊन उभे राहणारांत, भांडण विसरून, जुन्या स्वयंसेवकांपैकीही कोणी असावे.

हे सारे लिहून सरांना दाखवले. त्यांनी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि म्हणाले, “रस्किनला तू अजून समजून घेतलेले नाहीस.” पुढच्या मंगळवारी चौथ्या तासाला पुन्हा वाद आहे.