बंद पडलेली वही उघडताना

जानेवारी उजाडला की आमच्या वाटूर फाट्यावर डायऱ्यांचे पीक येते. बी-बियाण्यांचे आणि खताचे दुकानदार देतात, पतसंस्था देतात, विमा एजंट तर घरपोच आणून देतात. रेक्झिनचे कव्हर, सोनेरी अक्षरे, मधोमध लाल फीत आणि पानापानावर छापलेली तारीख. एक तारखेला घरातला कर्ता माणूस ती मोठ्या हौसेने उघडतो. 'आजपासून रोज लिहिणार' हे पहिले वाक्य. संक्रांतीपर्यंत रोज अर्धे पान भरते. सव्वीस जानेवारीला दोन ओळी. फेब्रुवारीत कापसाच्या गाडीचा हिशेब, मार्चमध्ये लग्नातल्या आहेराची यादी, एप्रिलपासून दुधाचा रतीब आणि त्यापुढे नातवाने काढलेले हत्ती-घोडे. दिवाळीच्या साफसफाईत ती माळ्यावर जाते आणि नव्या वर्षी नवी येते.

गोष्ट हसण्यासारखी आहे, पण हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कारण त्या पहिल्या पंधरा-वीस पानांत जे लिहिलेले असते, ते दुसरीकडे कुठेही सापडत नाही. विहिरीला पाणी किती परसावर आहे, तुरीवर अळी कधी दिसली, धाकटीचा ताप किती दिवसांनी उतरला, थोरल्या बहिणीचे पत्र आले त्यात काय होते. गावातल्या कोणत्याही दप्तरात याची नोंद नसते. घरातले माणूस लिहील तरच ती राहील.

आपल्या भागाला तर याची गरज अधिक आहे. वाटूर परतूर तालुक्यात. हा तालुका पूर्वी परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा तो इकडे आला. त्याच्या आधी, १९४८ पर्यंत, आपण निजामाच्या राज्यात. कचेरीची भाषा उर्दू, जुन्या घरांतले कागद मोडीत. म्हणजे आजोबांचे कागद एका लिपीत, वडिलांचे दुसऱ्या जिल्ह्यात आणि आपले तिसऱ्याच ठिकाणी. तीन पिढ्यांचा धागा जोडणारी वस्तू कोणती, तर घरातल्या माणसांची आठवण. आणि आठवण ही वही नव्हे. ती माणसाबरोबर जाते.

दुष्काळाचेच पाहा. १९७२च्या दुष्काळाबद्दल कोणत्याही पारावर विचारा, सुकडी आणि खडी फोडण्याची कामे सर्वांना ठाऊक असतात. पण आपल्या घरातले जनावर कोणत्या महिन्यात विकले, कोणत्या विहिरीने शेवटपर्यंत साथ दिली, हे सांगणारे हात आता थोडेच उरले आहेत. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. हाताने वाढवलेली झाडे लोकांनी हाताने तोडली. काही बागा तगल्याही. त्या कशा तगल्या, किती दिवसांआड पाणी दिले, आच्छादन कशाचे केले, हे त्या वेळी कुणी चार ओळींत लिहून ठेवले असेल, तर ती ओळ पुढच्या कोरड्या वर्षी लाखमोलाची ठरेल. सरकारी पर्जन्यमापक मंडळाचा पाऊस सांगतो. पण पाऊस मंडळ पाहून पडत नाही. शिवेच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे धूळ, हे आपण दरवर्षी पाहतो. आपल्या शेतातला पाऊस आपल्याच वहीत सापडणार.

तर मग बंद पडलेली वही पुन्हा सुरू करावी, असे पुष्कळांच्या मनात येते. आणि तिथेच पहिली गफलत होते. माणूस आधी दुकानात जातो. नवी जाड वही, नवे पेन, प्लॅस्टिकचे कव्हर. पहिल्या पानावर गणपती, दुसऱ्यावर संकल्प, तिसऱ्यावर अनुक्रमणिका. चार दिवस नटवण्यात जातात आणि लिहायच्या वेळी उत्साह संपलेला असतो. घराला रंग दिला म्हणून चूल पेटत नाही.

याचा अर्थ रूप बदलूच नये असा नाही. कधी कधी ते बदलावेच लागते. फक्त बदलायचे काय, हे कळले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण घ्या. वर्तमानपत्र आणि घरातली वही यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पण आपले म्हणणे आपणच मांडायचे आणि ते बंद पडले तरी पुन्हा उभे करायचे, हा धडा दोन्हीकडे सारखाच. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३मध्ये ते पाक्षिक बंद पडले. पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. नाव नवे, शिरोभागीचा मजकूर नवा; पहिल्याच्या माथ्यावर तुकोबा होते, दुसऱ्याच्या माथ्यावर ज्ञानोबा आले. पण खरा बदल निराळाच होता. या वेळी संपादनाची सूत्रे त्यांनी स्वतःच्या हाती घेतली आणि बहुतेक मजकूर स्वतः लिहिला. पैशाअभावी १९२९मध्ये तेही थांबले, तेव्हा १९३०मध्ये 'जनता' आले आणि १९५६मध्ये त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. चार नावे झाली, पण म्हणणे एकच राहिले. ज्या अडचणीने काम थांबले ती अडचण दूर करायची आणि म्हणणे सोडायचे नाही, हा खरा जीर्णोद्धार.

मग आपली वही कोणत्या अडचणीने थांबते? माझ्या मते पहिली अडचण म्हणजे ती छापील तारीख. तीन दिवस लिहिले नाही की तीन कोरी पाने आपल्याकडे डोळे वटारून पाहतात. आठ दिवस झाले की त्यांची लाज वाटू लागते, आणि महिना झाला की वही उघडावीशीच वाटत नाही. तेव्हा तारीख नसलेली साधी वही घ्यावी आणि लिहू त्या दिवशी तारीख आपण टाकावी. मधला महिना मग पानांवर दिसतच नाही; एका तारखेखाली दुसरी तारीख येते, एवढेच.

दुसरी अडचण अपेक्षेची. रोज पानभर लिहायचे ठरवले की रोज पानभर घडलेच पाहिजे. शेतात आणि संसारात तसे घडत नसते. तीन-चार ओळी पुरेत. हवा, काम, पैसा आणि माणूस, या चारांपैकी ज्यात काही नवे असेल ते लिहावे. काहीच नसेल तर 'आज काही विशेष नाही' असे लिहिले तरी चालते. दहा वर्षांनी वाचताना कळते की त्या आठवड्यात घरावर काही संकट नव्हते, आणि तीही मोलाची माहिती असते.

पानाची मांडणी कशी असावी, याचा उत्तम सल्ला तर आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने देऊन ठेवला आहे. समर्थ रामदास जांबचे. ते गाव आज घनसावंगी तालुक्यात आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. मोक्ष आणि वैराग्य सांगणारा हा संत तिथे एखाद्या अनुभवी कारकुनासारखा बोलतो. पहिले अक्षर जसे, तसेच शेवटचे असावे. ओळी एकमेकींत शिरू नयेत. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झिजल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. आणि तरुणपणी हौसेने फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते आपल्यालाच वाचता येत नाही. ज्याला वही नव्याने मांडायची आहे त्याने एवढे केले तरी पुष्कळ. सोनेरी अक्षरांवाचून अडत नाही. समासाची जागा सोडली नाही तर मात्र उंदीर आणि ओल आधी शब्दच खातात.

आणखी एक मोह असतो, जुनी पाने सुधारण्याचा. वीस वर्षांपूर्वीची वही उघडली की आपलेच लिहिणे पोरकट वाटते. शुद्धलेखन चुकलेले, भावकीतल्या कुणावर रागाने ओढलेले ताशेरे, फसलेल्या बोअरचा बेत. मन म्हणते, हे फाडून टाकू, नाहीतर नीट करून पुन्हा उतरवू. तसे करू नये. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'चा इतिहास इथे आठवावा. वरसईचा हा भिक्षुक १८५७मध्ये उत्तरेत गेला आणि बंडाच्या धामधुमीत सापडला. झाशीचा वेढा त्याने डोळ्यांनी पाहिला. पुढे पंचवीसएक वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्याने तो सगळा प्रवास लिहून काढला. वैद्यांनी १९०७मध्ये तो प्रसिद्ध केला, पण मजकुरात फेरफार करून. त्यामुळे लोकांना ग्रंथ मिळाला, हे त्यांचे ऋण आहेच. तरीही गोडसे भटजींचा स्वतःचा, ओबडधोबड, जिवंत मजकूर वाचायला १९६६ साल उजाडावे लागले. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून तो छापला. आज जाणकार हात घालतात तो या मूळ मजकुराला. नंतर शहाण्या झालेल्या हाताने आधीच्या भोळ्या हाताचे लिहिणे पुसले की त्या काळचे माणूसच पुसले जाते. सुधारायचेच असेल तर शेजारी आजची तारीख घालून टीप लिहावी. खाडाखोड करू नये.

काही जण म्हणतील, वेळ कुठे आहे? तीन ओळींना जेवढा वेळ लागतो तेवढा चहा निवायला लागतो. काही म्हणतील, घरातली भांडणे लिहायची का? ज्याची त्याने स्वतंत्र वही ठेवावी. घराच्या वहीत मात्र सर्वांनी वाचावे असेच लिहावे. तरुण मंडळी म्हणतील, आता मोबाइल आहे, फोटो आहेत, निरोप आहेत. आहेत खरे. पण मोबाइल बिघडला की त्यातले किती मागे राहते, हे प्रत्येकाने एकदा तरी अनुभवले आहे. शिवाय फोटोत वाळलेली बाग दिसते, ती का वाळली ते दिसत नाही. मोबाइलवर लिहिणे सोयीचे वाटत असेल तर तिथे लिहा, मात्र वर्षातून एकदा कागदावर उतरवून ठेवा.

आणि एक फार महत्त्वाची गोष्ट. घराची वही कर्त्या पुरुषाच्या कपाटात राहिली की ती बंद पडते, कारण तो एकटाच तिचा मालक होतो. ती ओट्यावर किंवा देवळीत, सर्वांच्या हाताला येईल अशी असावी. सोमवारी वडील, मंगळवारी सून, बुधवारी शाळकरी मुलगा. ज्या घरात आजीला लिहिता येत नाही, तिथे तिने सांगावे आणि नातीने लिहावे. बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. जात्यावर, शेतात त्या जे गात, ते घरातल्या मुलांनी कागदावर उतरवून ठेवले. डिसेंबर १९५१मध्ये त्या गेल्या. त्यानंतर मुलगा सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२मध्ये ती गाणी पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. ती वही त्या घरात नसती, तर आज मराठीत बहिणाबाई नसत्या. आपल्या घरात बहिणाबाई असतीलच असे नाही; पण आपल्या आजीच्या ओव्या, तिच्या पाटवड्यांचे प्रमाण, तिने काढलेले बाळंतपणातले दिवस आणि तिच्या माहेरच्या नदीचे नाव, हे तिच्यावाचून कोण सांगणार? मराठवाड्याच्या इतिहासात बायकांची पाने आधीच कमी आहेत. ती वाढवायला विद्यापीठाची वाट पाहण्याचे कारण नाही.

म्हणून सांगणे एवढेच की नव्या वहीसाठी नव्या वर्षाची वाट पाहू नये. माळ्यावरची जुनीच वही खाली काढावी, धूळ झटकावी. शेवटची नोंद जिथे थांबली आहे, तिच्याखाली एक आडवी रेघ मारावी आणि आजची तारीख टाकावी. मधली वर्षे का सुटली, याचा खुलासा लिहीत बसू नये. खुलाशातच पहिला दिवस जातो आणि दुसरा उगवत नाही. आज पाऊस आला का, हे लिहावे. कोण घरी आले, हे लिहावे. सोयाबीनला काय भाव मिळाला, तो आकडा लिहावा. आपली नातवंडे ही वही कधीतरी उघडतील तेव्हा त्यांना आपले अक्षर सुंदर होते की नाही, याचे फारसे वाटणार नाही. त्या दिवशी विहिरीला पाणी होते का, एवढे मात्र ती नक्की शोधतील.