रेंज दिसते, मग फोटो का जात नाही?

खरिपात सोयाबीन गुडघ्याला लागले की साखरा (ता. सेनगाव, जि. हिंगोली) शिवारातल्या शेतकऱ्यालाही राज्यातल्या इतरांप्रमाणे एक काम उरकायचे असते : ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या पद्धतीत शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचा फोटो ॲपवर टाकायचा असतो. सातबाऱ्यावरची ही पीक नोंद पुढे नुकसानभरपाई, पीकविमा आणि हमीभाव खरेदी अशा ठिकाणी विचारली जाते. पण मोबाइलवर दोन दांड्या दिसतात, लोकेशनही लागते आणि फोटो पाठवताना मात्र चक्र फिरतच राहते, हा अनुभव ग्रामीण भागात नवा नाही. यात दोष ना शेतकऱ्याचा असतो ना नेहमी मोबाइलचा.

दांड्या काय सांगतात?

टॉवरचा आवाज मोबाइलपर्यंत किती जोरात पोहोचतो, एवढेच दांड्या सांगतात. मोबाइलचा आवाज टॉवरपर्यंत पोहोचतो का, हे त्या सांगत नाहीत. टॉवरवरची यंत्रणा काही दहा वॅट शक्तीने बोलते. ४जी मोबाइलची कमाल शक्ती साधारण ०.२ वॅट. टॉवरचे कान तिखट असतात, तरी दूरच्या शिवारातून आधी तुटते ती मोबाइलकडून जाणारी बाजू. म्हणून मेसेज येतो, पण फोटो जात नाही.

मग लोकेशन कसे लागते?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. तरी मोबाइलला त्यांचे फक्त ऐकायचे असते, उत्तर द्यायचे नसते. शिवाय तो संदेश अगदी छोटा असतो. फोटो म्हणजे लाखो अक्षरांएवढी माहिती, आणि ती पाठवायची असते.

अंतर आणि अडथळे

मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता चौथाईवर येते. जमिनीलगत झाडे, टेकाड, घरे आली की ती याहून झपाट्याने घटते. ओली पाने लहरी शोषतात, पत्र्याचे छप्पर त्या परतवते. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतात. ५जीसाठी वापरला जाणारा ३,३०० मेगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी पल्ला कमी. त्यामुळे ५जी आले म्हणजे शेतात रेंज आली, असे होत नाही.

दांड्या पूर्ण, तरी नेट मंद

टॉवरचा वेग त्याच्या छायेतल्या सगळ्यांत वाटला जातो. एकाच मुदतीत सारे गाव फोटो पाठवू लागले, तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच येते. टॉवरच्या मागे फायबर नसेल, नुसती गोल डिश असेल, तर तिथेही गाडी अडते. वीज गेली आणि बॅटरी संपली की सगळेच थांबते.

तोवर काय करावे?

झाडाखालून आणि पत्र्याच्या शेडमधून बाहेर मोकळ्यावर यावे, जमल्यास उंच बांधावर. मोबाइल मुठीत घट्ट धरू नये. दुसऱ्या कंपनीचे सिम वापरून पाहावे. पहाटे गर्दी कमी असते. फोटो काढून ठेवून नंतर पाठवण्याची सोय ॲपमध्ये असेल, तर ती वापरावी.

खरी जबाबदारी कोणाची?

हे उपाय तात्पुरते. बिनतारी जोडणी अशीच वागणार, हे भौतिकशास्त्र आहे. ते शासनाच्या परिपत्रकाने बदलत नाही. बदलता येतात त्या योजना. शेतातून काही पाठवायला सांगणाऱ्या प्रत्येक सरकारी ॲपमध्ये फोटो आपोआप लहान व्हावा. रेंजबाहेर तो जपून राहावा आणि काढल्याची वेळ हीच नोंदीची वेळ धरली जावी. गावात नेट आहे की नाही हे ठरवताना चौकातल्या दांड्या न मोजता शिवारातून फोटो जातो का, हे तपासावे. ग्रामपंचायतीपर्यंत आलेली फायबर चालू राहावी.

फोटो गेला नाही म्हणून पीक नव्हतेच, असा अर्थ कागदावर निघता कामा नये. शेतकऱ्याने पेरले ते शेतात उभे असते. त्याची नोंद ०.२ वॅटच्या भरवशावर सोडणे न्याय्य नाही.