बाबांना एकट्याने जाऊ द्यावे का?

गेल्या पंधरवड्यात एका वाचक भगिनीचे सविस्तर पत्र आले. त्यांचे वडील एकाहत्तर वर्षांचे, निवृत्त शिक्षक आणि बुद्धिबळाचे जुने जाणकार. पत्नीच्या निधनानंतर घरात मिटून बसलेल्या या गृहस्थांना पुन्हा माणसांत आणले ते बुद्धिबळाच्या पटाने. आता जागतिक ज्येष्ठ बुद्धिबळ स्पर्धेसाठी युरोपात जाण्याची त्यांची इच्छा आहे, तीही एकट्याने. मधुमेह, रक्तदाब आणि प्रोस्टेट हे तीन सोबती मात्र बरोबर असणारच. पत्राच्या शेवटी कन्येने विचारले आहे, "बाबांना जाऊ द्यावे का? नाही म्हटले तर त्यांचे मन मोडते आणि हो म्हटले तर माझी झोप उडते."

प्रथम स्पर्धेविषयी थोडेसे. पहिली जागतिक ज्येष्ठ स्पर्धा 1991 मध्ये जर्मनीतील बाट वोरिसहोफेन या गावी झाली. सेबास्टियन क्नाइप या धर्मगुरूच्या जलोपचारांमुळे एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध असलेले हे आरोग्यस्थान. तेथे विजेते ठरले माजी विश्वविजेते वासिली स्मिस्लोव्ह, वयाच्या सत्तराव्या वर्षी. पुढे 2006 मध्ये इटलीत व्हिक्टर कोर्चनॉय यांनी हेच अजिंक्यपद पंचाहत्तराव्या वर्षी पटकावले. 2014 पासून पन्नाशीपुढील आणि पासष्टीपुढील असे दोन स्वतंत्र गट आहेत. म्हणजे एकाहत्तरावे वर्ष ही या स्पर्धेला जाण्यातील अडचण नव्हे, ती तर तिची पात्रता आहे.

परंतु पत्रातील एका वाक्यापाशी मी थांबलो. गेल्या वर्षी जिल्ह्यातील एका स्पर्धेत या गृहस्थांना ऐन डावात दरदरून घाम फुटला, हात कापू लागले. पाहणाऱ्यांना ते डावाचे दडपण वाटले. प्रत्यक्षात साखर उतरली होती. वारंवार उठावे लागू नये म्हणून ते सामन्याच्या दिवशी सकाळपासून पाणीही टाळतात, असे कन्येने लिहिले आहे. माझ्या मते खरा धोका परदेशाचा नाही, या दोन गोष्टींचा आहे. आणि तो घरच्या गावातही तितकाच आहे.

साखर उतरल्याची लक्षणे आणि डावाची उत्कंठा यांचे रूप फसवे असते. घाम, थरथर आणि धडधड दोन्हींत दिसते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल, तर धडधड आणि थरथर झाकली जाऊ शकते. घाम मात्र येतो. म्हणून शंका येताच साखर तपासावी. तपासणे शक्य नसेल, तर ती उतरली आहे असे समजून सुमारे 15 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन चमचे साखर, पाण्यातून घ्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि बरे वाटल्यावर थोडे खावे. चालीचा विचार त्यानंतर. मदतीसाठी घड्याळ थांबवून पंचांना बोलावण्याची मुभा खेळाच्या नियमांतच आहे. ती वापरण्यात कमीपणा कसला?

ज्येष्ठांच्या या स्पर्धेत साधारणपणे अकरा फेऱ्या, दिवसाला एक डाव, असा क्रम असतो आणि एकेक डाव चार-पाच तास लांबू शकतो. एवढा वेळ पाण्यावाचून बसल्यास थकवा येतो, चक्कर येते, लक्ष विचलित होते. डावाच्या आधी लघवीला जाऊन यावे, मध्ये आपली चाल झाल्यावर उठावे आणि पाणी घोटघोट पीत राहावे. प्रोस्टेटचा त्रास वाढला असेल, तर निघण्यापूर्वीच तज्ज्ञांना भेटावे. पाणी तोडणे हा त्यावरील उपाय नव्हे.

आता तयारीविषयी. निदान दीड-दोन महिने आधी आपल्या डॉक्टरांची भेट घ्यावी. औषधांची यादी त्यांच्याकडून टंकलिखित करून घ्यावी आणि तीत व्यापारी नावाबरोबर औषधाचे मूळ नावही असावे. आपल्याकडचे व्यापारी नाव तेथील औषधविक्रेत्यास ठाऊक असेलच असे नाही. इन्सुलिन, सुया आणि ग्लुकोमीटर यांसाठी डॉक्टरांचे पत्र जवळ ठेवावे. सर्व औषधे, मुक्कामाच्या दिवसांहून आठवडाभर अधिक पुरतील एवढी, हातातल्या सामानात असावीत. इन्सुलिन तर विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात कधीच ठेवू नये. ते गोठून निकामी होऊ शकते.

भारत आणि मध्य युरोप यांच्या वेळेत उन्हाळ्यात साडेतीन, तर हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर असते. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, त्यामुळे दोन मात्रांमधील अंतरही वाढते. कोणती मात्रा कोणत्या घड्याळानुसार घ्यायची, याचा तक्ता डॉक्टरांकडूनच करून घ्यावा, स्वतः अंदाज बांधू नये. पहिल्या फेरीच्या दोन-तीन दिवस आधी पोहोचल्यास झोप आणि भूक दोन्ही ताळ्यावर येतात.

विमानात दीर्घकाळ एका जागी बसल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा संभव वाढतो. तासा-दीड तासाने उठून चालावे, बसल्या जागी घोटे वर-खाली हलवावेत, पाणी प्यावे. विमानात झोपेची गोळी आणि मद्य दोन्ही टाळावीत. पूर्वी गुठळी झाली असल्यास किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याविना प्रवास ठरवू नये.

युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. विमा घेताना असलेले आजार लपवू नयेत. लपवलेला आजारच पुढे दावा नाकारला जाण्याचे कारण ठरतो.

आणखी दोन गोष्टी खास या खेळाच्या. पंचांच्या परवानगीवाचून कोणतेही इलेक्ट्रॉनिक उपकरण स्पर्धास्थळी जवळ बाळगता येत नाही. श्रवणयंत्र किंवा साखर मोजणारा सेन्सर असल्यास आयोजकांना आधीच लेखी कळवून संमती घ्यावी. ग्लुकोज आणि खाऊ जवळ ठेवण्याविषयीही बोलून घ्यावे. दुसरे असे, की जागतिक बुद्धिबळ महासंघाने उत्तेजकविरोधी नियम स्वीकारले आहेत आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या त्या यादीत मोडतात. रक्तदाबाच्या कित्येक संयुक्त गोळ्यांत असे औषध असते. गोळी मनाने बंद करू नये. यादी पाठवून आयोजकांना विचारावे.

आता कन्येसाठी. भगिनी, "जाऊ द्यावे का" हा प्रश्न थोडा बदलून पाहावा. ज्यांनी आपले बोट धरून शाळेत नेले, त्यांना परवानगी देणारे आपण कोण? आपल्या हाती आहे ती तयारी. त्यासाठी दोघांनी एकत्र बसून करार करावा. त्यांनी डावात पाणी पिण्याचे आणि जिल्ह्यातील स्पर्धेत घडले तसे पुन्हा घडल्यास ते न लपवण्याचे वचन द्यावे. आपण दर तासाला फोन न करण्याचे वचन द्यावे. सामन्याच्या वेळी त्यांचा फोन बंदच असणार आणि डाव लांबला म्हणजे काही विपरीत घडले असे नव्हे. रोज बोलण्याची एक वेळ ठरवावी. स्पर्धेपूर्वी गावातल्या एखाद्या स्पर्धेत या साऱ्याची रंगीत तालीम घ्यावी. ती नीट पार पडली, तर डॉक्टरांच्या संमतीने तिकीट काढावे. नाही पडली, तर हे वर्ष तयारीचे मानावे. स्पर्धा पुढील वर्षीही असते.

आणि तेथून पहिला फोन येईल, तेव्हा "जिंकलात का?" असे आधी विचारू नका. "जेवलात का, झोप लागली का?" असे विचारा. डावाचे ते स्वतःच सांगतील. कदाचित बराच वेळ सांगत राहतील. तेवढे मात्र ऐकून घ्या.