गाणं बँडचं, व्हिडिओ कुणाचा?

मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिकं जवळ आली की मुंबई-पुण्याच्या कॉलेजांमध्ये विचारणा सुरू होते: कुणाच्या ओळखीत एखादा बँड आहे का? म्युझिक व्हिडिओ करायचा असतो. फिल्मी गाणं घ्यावं तर यूट्यूबवर चढवल्याचढवल्या कंपनीचा दावा येऊन पडतो. म्हणून कुठल्याच कंपनीशी करार नसलेला बँड गाठायचा, त्यांचं एखादं ओरिजिनल मागून घ्यायचं आणि शूटला लागायचं. सौदा दोघांनाही परवडतो. मुलांना गाणं फुकट, बँडला व्हिडिओ फुकट. पण असे व्हिडिओ एकापाठोपाठ एक बघत गेलं की लक्षात येतं, त्यात सगळं आहे, बँड तेवढा नाही. एक मुलगी लोकलच्या दारात उभी असते, एक मुलगा जुन्या वाड्याच्या पायरीवर डायरी घेऊन बसलेला असतो, मध्येच सोनेरी रंगातला फ्लॅशबॅक येतो आणि मग ड्रोन डोंगराच्या कडेवरून वर वर जातो. गाणं या सगळ्याच्या मागे पार्श्वसंगीतासारखं वाजत राहतं. ड्रमर दिसलाच तर त्याचा हात दिसतो. माझ्या मते हा म्युझिक व्हिडिओ नव्हे, ही संवाद नसलेली शॉर्टफिल्म आहे. आणि नवख्या बँडच्या गाण्यावर ती करणं म्हणजे त्यांचं गाणं नुसतं वापरून घेणं आहे.

हे फार कडक वाटत असेल तर ज्याच्या मागे कंपनी आहे आणि ज्याच्या मागे कुणीच नाही, अशा दोघांचा हिशेब शेजारी शेजारी मांडून बघा. नामवंत गायकाचा चेहरा लोकांना होर्डिंगवरून, मुलाखतींतून, रिअ‍ॅलिटी शोच्या परीक्षकाच्या खुर्चीतून आधीच पाठ झालेला असतो. त्यानं आपल्या व्हिडिओत पाऊलही ठेवलं नाही तरी त्याचं काही बिघडत नाही. नवख्या बँडकडे यातलं काहीच नसतं. त्यांचा व्हिडिओ मनापासून बघणारा पहिला अनोळखी माणूस बहुधा रसिक नसतोच, तो बुकिंग बघणारा असतो. कॉलेज फेस्टचा संयोजक, एखाद्या कॅफेत शुक्रवारचे कार्यक्रम लावणारा मॅनेजर, दुसऱ्या शहरातला कुणी आयोजक. तो फोनवर, दोन कामांच्या मध्ये, अर्धं मिनिट बघतो. त्याला कळायला हवं असतं ते असं: माणसं किती, वाद्यं कुठली, गातो कोण, आणि स्टेजवर उभी राहिली तर समोरच्यांना धरून ठेवतील का. डायरीवाल्या मुलाकडे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही.

या माध्यमाचा इतिहासही हेच सांगतो. १९७५ मध्ये क्वीनच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा व्हिडिओ ब्रूस गॉवर्सनं काही तासांत उरकला, आणि त्यातलं लोकांच्या डोक्यात राहिलेलं चित्र कुठलं? काळोखातून वर आलेले चार चेहरे. क्वीनमागे कंपनी होती हे खरं. पण वेळेची ओढाताण असताना त्यांनी भर दिला तो चेहऱ्यांवरच. विद्यार्थ्यांच्या जास्त जवळचं उदाहरण दिग्दर्शक मिशेल गोंद्रीचं. पॅरिसच्या कलाशाळेतल्या मित्रांबरोबर तो 'उई उई' नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा आणि त्याच बँडचे व्हिडिओही करायचा. त्यातला एक गायिका ब्यॉर्कच्या पाहण्यात आला, तिनं त्याला बोलावलं आणि १९९३ चा 'ह्यूमन बिहेवियर' झाला. ड्रमरनंच केलेले व्हिडिओ म्हटल्यावर ठेका कुठे पडतो हे दिग्दर्शकाला वेगळं सांगावं लागलं नसणार. अमेरिकेतल्या ओके गो या बँडनं २००५ मध्ये घराच्या मागच्या अंगणात एक कॅमेरा ठेवून, एकही कट न घेता, चौघांचा बसवलेला नाच चित्रित केला. पुढच्याच वर्षी ट्रेडमिलवरचा व्हिडिओ आला आणि त्याला ग्रॅमी मिळालं. दोन्हींत कथा शोधून सापडणार नाही. दिसतात ते चौघे, आणि त्यांनी अंगमेहनतीनं पुरी केलेली एक खुळी कल्पना. आपल्याकडे कुर्ल्याच्या रॅपर नेझीनं २०१४ मध्ये 'आफत' आयपॅडवरच रेकॉर्ड केलं आणि आयपॅडवरच शूट केलं. पैसा नव्हता, पण कोण बोलतोय आणि कुठल्या वस्तीतून बोलतोय, हे पहिल्या काही क्षणांत कळत होतं.

तर मग चेहरे दाखवा आणि मोकळे व्हा, इतकं ते सोपं आहे का? नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. वाजवणारी माणसं नीट टिपणं हे कथा टिपण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि ते होतं कागदावर. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेसाठी रात्र रात्र तालमी करणारी, प्रकाशयोजनेचा एकेक क्यू वहीत लिहून काढणारी मुलं व्हिडिओच्या बाबतीत मात्र 'लोकेशनवर बघू' म्हणतात, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. पहिली पायरी लोकेशनची रेकी नसून बँडच्या जॅमरूममध्ये जाऊन बसणं ही आहे. गाताना कोण कुणाकडे बघतो, बेसवाला डोळे मिटतो का, हे तिथेच कळतं. दुसरी पायरी गाण्याची अंतिम फाइल ताब्यात घेणं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एमपीथ्री चालत नाही, स्टुडिओतून निघालेली ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल हवी. आणि ती खरोखर अंतिम हवी, कारण शूटनंतर बँडनं सुरुवातीचा तुकडा दोन सेकंदांनी वाढवला की सगळं संकलन दोन सेकंदांनी सरकतं.

त्यानंतर गाणं मोजायचं. समजा गाण्याची लय मिनिटाला १०० ठोके आहे. एक ठोका ०.६ सेकंदांचा. आपण सेकंदाला २५ फ्रेमनं शूट करतो, म्हणजे एका ठोक्याला बरोबर १५ फ्रेम आणि चार ठोक्यांच्या एका बारला ६०. आठ बारचा अंतरा असेल तर हातात १९ सेकंदांच्या थोडं वर वेळ आहे. तेवढ्यात सहा शॉट मावतील की दहा, हे घरी बसून ठरवता येतं. लय १२० असेल तर ठोका साडेबारा फ्रेमचा होतो, अर्ध्या फ्रेमवर कट मारता येत नाही, आणि मग संकलकाला दोन-दोन ठोक्यांचा हिशेब धरावा लागतो. बँडनं कानात ठोक्यांचा क्लिक न लावता रेकॉर्ड केलं असेल तर हे सगळं गणित कोसळतं आणि प्रत्येक बार कानानं ऐकून खुणा करत बसावं लागतं. ते शूटच्या आधी कळलेलं बरं. स्लो मोशनचंही तसंच. ५० फ्रेमनं शूट करून २५ वर आणलं की हालचाल निम्म्या वेगाची होते, त्यामुळे सेटवर गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं आणि गायकानं तितक्याच वेगानं ओठ हलवायचे. हे आदल्या दिवशी सांगितलं तर तो सराव करून येतो. ऐन वेळी सांगितलं तर त्याची बोबडी वळते आणि ती पडद्यावर दिसते.

ड्रमरचा प्रश्न सर्वांत नाजूक. तो खोटं खोटं वाजवायला लागला की काठी कातड्याच्या इंचभर वर थांबते आणि सगळा आव उघडा पडतो. तो खरं वाजवायला लागला की कुणालाच प्लेबॅक ऐकू येत नाही. म्हणून ड्रमच्या कातड्यांवर सरावाचे रबरी पॅड किंवा जुने टॉवेल पसरायचे, ड्रमरच्या कानात इअरफोन द्यायचा, आणि कॅमेरा अशा बाजूला लावायचा की टॉवेल दिसणार नाही पण झांज हलताना दिसेल. गिटारवाल्याची बोटं चुकीच्या कॉर्डवर असतील तर ते सामान्य प्रेक्षकाला कळत नाही, पण या बँडचे प्रेक्षक बहुतेक गिटार वाजवणारेच असतात. (कड्याच्या टोकावर उभं राहून, अँप नाही, वायर नाही, अशा इलेक्ट्रिक गिटारवर सोलो वाजवणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.) दिवसाच्या सुरुवातीला सगळा बँड एकत्र, गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोन-तीन कोनांतून संपूर्ण घ्यायचं, मग एकेकाचे क्लोजअप, आणि वेळ उरला तर कल्पनाविलास. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा असतो. सकाळचा चांगला उजेड डायरीवाल्या मुलावर खर्च होतो आणि बँडच्या वाट्याला मावळतीची चाळीस मिनिटं येतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: नुसतं वाजवताना किती वेळ बघणार, कंटाळा येतो. तो खरा आहे, पण त्याचं कारण बहुतेक वेळा वाजवण्यात नसून कॅमेरा समोर एकाच उंचीवर रोवलेला असण्यात आहे. शिवाय कल्पनेला कुणी बंदी केलेली नाही. २००८ मध्ये मँचेस्टरच्या 'द गेट आउट क्लॉज' या कंपनीविना बँडची हकिकत गाजली होती. शहरातल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसमोर जाऊन वाजवायचं आणि माहिती-संरक्षण कायद्याखाली आपलं चित्रण मागून घ्यायचं, अशी ती युक्ती. कॅमेऱ्याला पैसे नाहीत यातूनच कल्पना निघाली, आणि तरी कॅमेऱ्यासमोर बँडच होता. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. युफोरिया बँडचं 'माएरी' आठवा, असं कुणीही म्हणेल. तिथे कथा होती, रिमी सेन होती, आणि ते लोकांना कायमचं लक्षात राहिलं. मान्य. पण त्या कथेतला नायक खुद्द बँडचा गायक पलाश सेनच होता, आणि मागे दिवसभर गाणी दाखवणाऱ्या वाहिन्या होत्या. कथा करायचीच असेल तर बँडला त्या कथेत घ्या. भाड्यानं आणलेल्या जोडप्याला गाणं देऊन बँडला बाहेर उभं करू नका, इतकंच माझं म्हणणं आहे.

व्हिडिओ कुणाचा, हा प्रश्न कायद्यालाही पडतो आणि त्याचं उत्तर अनेकांना धक्का देईल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन कुणी आपल्यासाठी चित्रफीत करून घेतली, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तो करवून घेणारा. पण इथे मोबदलाच नसतो. मग मालकी जाते निर्मात्याकडे, म्हणजे पुढाकार आणि जबाबदारी ज्यानं घेतली त्याच्याकडे. तो विद्यार्थ्यांचा गट की कॉलेज, यावर पुन्हा वाद होऊ शकतो, पण बँड नव्हे हे बऱ्यापैकी नक्की. फुकट मिळालेला व्हिडिओ अशा रीतीनं बँडचा नसतोच. उलट शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क बँडकडे, म्हणून मुलांनाही तो बँडच्या परवानगीशिवाय कुठल्या महोत्सवात पाठवता येत नाही. परवानगी लेखी हवी. तिच्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरती. इंटरनेटवर टाकायच्या गोष्टीला ही दोन्ही कुंपणं जाचक आहेत, म्हणून एका कागदावर मुदत आणि 'जगभर' हे दोन्ही स्पष्ट लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. मैत्रीत कागद कशाला, असं विचारणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की कॉलेजच्या वयातले बँड फुटतात. गिटारवाला परदेशी शिकायला जातो, गायिका स्वतंत्र गाऊ लागते, आणि मग 'माझी चाल काढून टाका' असा निरोप येतो. चाल दोघांनी मिळून बांधलेली असेल तर त्या निरोपाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

हक्क ज्याच्या हातात, व्हिडिओ कुठे दिसणार हे तोच ठरवतो. ओके गोच्या कंपनीनं त्यांचे व्हिडिओ इतर संकेतस्थळांवर लावण्याची सोय बंद केली, तेव्हा प्रेक्षक कसे घटले हे गायकानं २०१० मध्ये जाहीरपणे लिहिलं, आणि त्याच वर्षी बँड कंपनीतून बाहेर पडला. आपल्याकडे कंपनीची जागा कॉलेजचं चॅनेल घेतं. व्हिडिओ तिथे चढतो, सुरुवातीला कॉलेजचं बोधचिन्ह फिरतं, आणि बँडला लिंक मिळते. पूर्ण दर्जाची फाइल, रीलसाठी उभा तुकडा, पोस्टरला चालतील असे दहा-बारा फोटो, हे सगळं हार्ड डिस्कवरून पुढच्या बॅचसाठी पुसलं जातं. हे मागून घेण्याचं भानही बँडला नसतं, म्हणून ते आधीच कागदावर यायला हवं.

सर्वांत प्रामाणिक आक्षेप प्राध्यापकांकडून येतो: विद्यार्थी ही जाहिरात एजन्सी नव्हे, स्वतःचं काही करून बघायला कॉलेजसारखी जागा पुन्हा मिळत नाही. खरं आहे. पण त्यासाठी शॉर्टफिल्म आहे, माहितीपट आहे. म्युझिक व्हिडिओचं प्रात्यक्षिक शिकवतं ते वेगळं. दुसऱ्यानं आधीच पूर्ण केलेल्या कलाकृतीपुढे आपली हौस किती पुढे न्यायची आणि कुठे आवरायची, हे त्यात कळतं. आणि दोष मुलांचा कमी, गुणांच्या तक्त्याचा जास्त. जिथे कथा, छायाचित्रण, संकलन अशा रकान्यांत गुण वाटले जातात आणि गाण्याला रकानाच नसतो, तिथे मुलं दुसरं काय करणार? रकाना वाढवण्याआधी एक साधी गोष्ट करता येईल. व्हायवाच्या दिवशी बँडमधल्या एकाला बोलवा, येणं जमत नसेल तर फोन लावा. छान झालाय का, असं विचारू नका. फुकटच्या गोष्टीला कुणी वाईट म्हणत नाही. पुढच्या कार्यक्रमासाठी आयोजकाला तुम्ही हाच व्हिडिओ पाठवणार का, एवढंच विचारा. 'मागच्या गिगला कुणीतरी मोबाइलवर काढलेला आहे, तोच पाठवतो,' असं उत्तर आलं, तर बाह्य परीक्षकानं ते शब्द गुणांच्या तक्त्यावर जसेच्या तसे लिहून घ्यावेत.