‘फॉरमॅट मारावं लागेल’ हे ऐकलं की लगेच हो म्हणू नका!

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट बंद केला. २०१५ मध्ये आलेली ही सिस्टीम आमच्या परभणी जिल्ह्यात आजही भरपूर दिसते. जिंतूर, सेलू, गंगाखेड, कुठेही जा. पीक विम्याचे अर्ज, झेरॉक्स, लग्नपत्रिका, सगळं अशाच जुन्या पीसीवर चालतं. आता असा पीसी अडखळला की एकच सल्ला मिळतो: “फॉरमॅट मारावं लागेल. मारतोच आहे तर विंडोज ११ टाकू का?”

माझं मत स्पष्ट आहे. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही.

फोनवर अँड्रॉइडचं नवं व्हर्जन येतं तेव्हा तुमचे फोटो जात नाहीत. कारण फोनमध्ये सिस्टीमची जागा वेगळी आणि तुमच्या डेटाची जागा वेगळी असते. विंडोजमध्ये सिस्टीम, प्रोग्राम, डेस्कटॉप आणि डाउनलोड्स सहसा एकाच सी ड्राइव्हवर असतात. त्यामुळे सी ड्राइव्ह फॉरमॅट केला की सगळं एकदम जातं. फाईल्स पेनड्राइव्हवर काढल्या तरी सेटिंग्ज जातातच: अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, प्रिंटरची जोडणी, जुने मराठी फॉन्ट. डीटीपीवाल्याचा फॉन्ट गेला, तर दहा वर्षांच्या पत्रिकांची अक्षरं उघडल्यावर भलतीच दिसतात. सेतू केंद्रासाठी तर हा सरळ एका दिवसाच्या धंद्याचा प्रश्न आहे.

मग करायचं काय?

पीसी चालू होत असेल तर विंडोजवरच विंडोज पुन्हा बसवता येते. याला ‘इन-प्लेस’ दुरुस्ती म्हणतात. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथे जा. ‘फिक्स प्रॉब्लेम्स युझिंग विंडोज अपडेट’ समोर ‘रीइन्स्टॉल नाऊ’ हे बटण असतं. ते दाबलं की सिस्टीमच्या फाईल्स नव्या येतात. तुमच्या फाईल्स, प्रोग्राम आणि सेटिंग्ज जागेवर राहतात. विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, चालू विंडोजमधूनच सेटअप सुरू करा आणि ‘कीप पर्सनल फाईल्स अँड ॲप्स’ निवडा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. भाषा आणि एडिशन (होम की प्रो) तीच हवी, नाहीतर हा पर्याय निवडताच येत नाही. आणि पेनड्राइव्हवरून बूट करून सेटअप चालवला तरी हा पर्याय मिळत नाही. दुकानात नेमकं तेच करतात!

‘रीसेट धिस पीसी’ हा वेगळा प्रकार आहे. त्यात ‘कीप माय फाईल्स’ निवडलं तर फाईल्स राहतात, पण नंतर टाकलेले प्रोग्राम आणि सेटिंग्ज जातात. पीसी सुरूच होत नसेल तर आधी रिकव्हरी स्क्रीनवरून स्टार्टअप रिपेअर किंवा सिस्टीम रिस्टोअर करून बघा.

जगाला बसलेला धडा

१९ जुलै २०२४ आठवतं? क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक सदोष फाईल डिलीट करणं. बंद पडलेला पीसी म्हणजे संपलेला पीसी नव्हे, हे त्या दिवशी दिसलं. अडचण झाली ती बिटलॉकरची: ड्राइव्ह लॉक असलेल्या मशीनवर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जात होती. नव्या लॅपटॉपमध्ये हे लॉक बऱ्याचदा आपोआप चालू असतं. तुमची की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आहे का, ते आजच बघा आणि वहीत लिहून ठेवा.

विंडोज ११ चं काय?

त्यासाठी अधिकृतपणे टीपीएम २.०, किमान ४ जीबी रॅम आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. जुन्या मशीनवर जुगाड करून ११ टाकण्यापेक्षा विंडोज १० दुरुस्त करा आणि वाढीव सुरक्षा अपडेट्सची नोंदणी करा. घरगुती पीसीसाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली आहेत. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर त्याचे पैसे लागत नाहीत.

दुकानदारांचीही बाजू आहे. फॉरमॅटला किती वेळ लागेल ते माहीत असतं, दुरुस्तीत नेमका दोष शोधत बसावं लागतं. कधी फॉरमॅट खरंच लागतं, उदाहरणार्थ व्हायरस खोलवर शिरलेला असेल तेव्हा. हार्डडिस्कच मरत असेल तर मात्र फॉरमॅटनेही भागत नाही. तेव्हा आधी डेटा काढा आणि डिस्क बदला. दुरुस्ती सुरू करण्याआधीही बॅकअप घ्यायचाच. मध्येच लाईट गेली तर कुठलंही बटण वाचवत नाही.

म्हणून पुढच्या वेळी काउंटरवर पीसी ठेवताना एवढंच विचारा: “भाऊ, फाईल्स आणि ॲप्स ठेवून रिपेअर करून बघितलं का?”