अंगठा कोणाचा चालतो?

तारकर्ली-मालवणच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंगसाठी आता मुंबई-पुण्याहून गर्दी लोटते. शिकून नोकरीला लागलेली आपलीही मुले जातात, फोटो पाठवतात. जरूर जावे. पण या खेळाचे नियम एकदा नीट समजून घ्यावेत, कारण त्यात राजकारण भरपूर आहे.

एकट्याने उतरायचे नाही. उतरण्याआधी जोडीदारांनी एकमेकांचे सिलिंडर, नळ्या, पट्टे तपासायचे. हवा किती उरली ते सतत पाहायचे आणि पुरेशी शिल्लक असतानाच वर निघायचे. सर्वांत मोठा नियम पुढे आहे. बुडी कोणालाही, कधीही, कारण न सांगता रद्द करता येते. पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'छान' होत नाही, 'वर चला' असा होतो. जोडीदार कितीही मुरलेला असो, त्याने वाद घालायचा नसतो.

नियम आहेत म्हणून अपघात टळतातच असे नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक दगावले. राज्यभर हळहळ झाली, ती व्हायलाच हवी होती.

पण श्वास घेता येत नाही अशा जागी उतरणारा दुसरा माणूस याच राज्यात, तुमच्या-आमच्या सोसायटीखाली असतो. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका सोसायटीच्या सेप्टिक टाकीत तीन कामगार मेले. अशा टाकीतला हायड्रोजन सल्फाइड वायू फार फसवा. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते, वास गेला असे वाटते आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एका टाकीतून अनेक प्रेते निघतात ती अशी. पाणबुड्याला बचावाच्या प्रशिक्षणात आधी स्वतःचा जीव सांभाळायला शिकवतात. टाकीत उतरणाऱ्याला हे कोणी शिकवले?

कायदा नाही असे नाही. २०१३ च्या कायद्याचे कलम ७ गटारे आणि सेप्टिक टाक्यांच्या धोकादायक सफाईला माणूस लावण्यास मनाई करते. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खोच व्याख्येत आहे. संरक्षक साधने न देता हाताने करवून घेतलेली सफाई तेवढी 'धोकादायक'. म्हणजे ठेकेदाराने गमबूट-हातमोज्यांची पावती पुढे केली की वाद सुरू! गोवंडीच्या तिघांच्या विधवांना प्रत्येकी १० लाख मिळावेत म्हणून सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई ३० लाख केली. हे सगळे मेल्यानंतरचे हिशेब.

आणि संसदेत काय चालते? जुलै २०२१ मध्ये सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी राज्यसभेत सांगितले की, हाताने मैला उचलण्याच्या कामामुळे एकही मृत्यू नोंदलेला नाही. शब्दशः उत्तर बरोबर असेल. गटारातले मृत्यू वेगळ्या रकान्यात जातात. रकाना बदलला की प्रेत नाहीसे होते! आपल्या चळवळीतून वर गेलेल्या माणसाने ते उत्तर वाचावे, याचे दुःख वेगळे.

साधने हवीतच, यंत्रेही हवीत. पण मी वकील म्हणून आधी दुसरी गोष्ट मागेन. पैसे मोजून उतरणाऱ्या पर्यटकाला जो अंगठा आहे, तो पोटासाठी उतरणाऱ्याला नाही. त्याचा अंगठा फक्त ठेकेदाराच्या हजेरीपटावर चालतो. तो "नाही उतरत" म्हणाला तर त्या दिवसाची मजुरी बुडते आणि उद्या दुसरा माणूस उभा केला जातो. त्याच्या जातीचा दुसरा माणूस सापडायला या शहराला वेळ लागत नाही.

म्हणून सफाईच्या प्रत्येक निविदेत एक अट घालायला लावू या : वायू मोजल्याशिवाय झाकणाजवळ कोणी जाणार नाही आणि कामगाराने नकार दिला तरी त्या दिवसाची पूर्ण मजुरी मिळेल. यासाठी संसदेत जावे लागत नाही, नगरसेवक पुरेसा आहे. आपल्या वॉर्डाच्या सफाई-ठेक्याची प्रत माहिती अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपये लागतात.